पुणे स्टेशन ते समताभूमी : एका जोडणीच्या शोधात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर मी पिंपरीहून लोकलने परत आले. पुणे स्टेशनवर उतरले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. पाऊस उतरला होता, फलाटावर चिखलाची पावले उमटली होती. जिन्याकडे वळताना एका बाकावर ओळखीचे चेहरे दिसले. आमच्याच गल्लीतली मायलेक. आई चार घरची धुणी-भांडी करते, मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मला वाटले, गावाहून कोणी पाहुणे यायचे असतील. विचारले तर मुलगी कसनुसे हसली.

"पाहुणे नाहीत, मावशी. फॉर्म भरायला आलोय. इथं नेट फुकट आहे."

तिच्या हातात भावाचा जुना मोबाईल होता. त्यातल्या सिमचा रिचार्ज कधीच संपलेला. आईच्या हातात साधा बटणांचा फोन, फक्त बोलण्यापुरता रिचार्ज असलेला. स्टेशनच्या वायफायला मोबाईल नंबर द्यावा लागतो, मग त्यावर ओटीपी येतो. तो आईच्या फोनवर यायचा आणि आई एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवायची. आईला अक्षरे येत नाहीत, पण आकडे येतात. घरकामाच्या पगाराचा हिशेब करून करून आलेले आहेत.

मी विचारले, "आत कशा आलात?"

आई म्हणाली, "फलाट तिकीट काढलं की, ताई. दोघींचं वीस रुपये."

मी कारकून बाई, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. फुकटचे नेट अर्धा तास, त्यासाठी वीस रुपये. तीन दिवस आल्या तर साठ. फॉर्म काही अर्ध्या तासात भरून होत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे कागद ठरलेल्या मापात बसवून चढवायचे. मध्येच जोडणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. आदल्या वर्षी, बारावीत असताना, तिने हाच शिष्यवृत्तीचा फॉर्म एका दुकानात पैसे देऊन भरून घेतला होता. दुकानदाराने बँकेचा तपशील चुकीचा भरला, दुरुस्तीची मुदत निघून गेली आणि वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली. म्हणून यंदा पोरीने ठरवले होते, फॉर्म स्वतःच्या हाताने भरायचा.

त्या रात्री मी दोघींना घरी घेऊन आले. माझ्या फोनवरून थोडे काम झाले, पण पुरते झाले नाही. ओटीपी वडिलांच्या नंबरवर जात होता आणि वडील रात्रपाळीला वॉचमन. मनाला रुखरुख लागली. आपण वीस वर्षे सामाजिक काम करतो म्हणतो आणि आपल्याच गल्लीतली मुलगी शिक्षणाच्या हक्कासाठी रात्री स्टेशनच्या बाकावर बसते! मी तिला म्हटले, "येत्या रविवारी आपण एक फेरी मारू. या पुण्यात गरिबाला नेट कुठे आणि कसे मिळते ते बघू. शेवटी समताभूमीला जाऊन येऊ." आईही म्हणाली, "मी पण येते. पुण्यात राहून फुलेवाडा एकदाच बघितलाय."

रविवारी सकाळी आम्ही तिघी ताडीवाला रोडच्या वस्तीतून निघालो. आमची वस्ती स्टेशनच्या पाठीशीच. पत्र्यांची घरे, अरुंद बोळ, पण दारोदारी पंचशील ध्वज आणि घराघरांत बाबासाहेब. या वस्तीने नोकरदार दिले, शिक्षक दिले, चळवळीला कार्यकर्ते दिले. पण आज एका घरात पाच माणसे आणि चालू स्थितीतला स्मार्टफोन एक, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. तो एक फोन बहुधा घरातल्या पुरुषाबरोबर कामावर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशात शंभरातल्या ५७ पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले, स्त्रियांत हा आकडा ३३ होता. आमच्या गल्लीला हे समजायला सर्वेक्षण नको. संध्याकाळी कोणाच्या हातात फोन आहे आणि कोणाच्या हातात लाटणे आहे ते पाहिले की पुरे.

रिचार्जचेही असेच. २८ दिवसांच्या पॅकमुळे वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज मात्र तेरा. २०२२ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक तरी पॅक ठेवायला लावले. पण दुकानात जो पुढे केला जातो तोच पॅक माणूस घेतो. २०२४ च्या जुलैमध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. मग अनेक घरांतल्या बायकांच्या फोनमधले नेट आधी बंद झाले. घरखर्चात काटकसर आली की पहिली कात्री कोणाच्या ताटाला लागते हे आपल्या भगिनींना सांगायला नको.

स्टेशनच्या आवारात आलो. मुलीने विचारले, "मावशी, हे वायफाय इथं आलं कसं?" मला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. रेल्वेच्या रेलटेल कंपनीने गूगलबरोबर ही योजना सुरू केली. जानेवारी २०१६ मध्ये पहिला मान मुंबई सेंट्रलला मिळाला आणि त्याच वर्षी पुणे स्टेशनही त्यात आले. अशाच सोयीवर केरळातल्या एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने कानात इयरफोन घालून, डोक्यावर ओझे वाहत अभ्यास केला. २०१८ मध्ये तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याची बातमी देशभर गाजली. २०१८ मध्येच पुणे स्मार्ट सिटीच्या योजनेत शहरातल्या बागा, दवाखाने, पोलीस ठाणी अशा दीडशेच्या आसपास ठिकाणी मोफत वायफाय आले. पण फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने आपली योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. कारण दिले की, आता डेटा स्वस्त झाला आहे. पुढच्याच महिन्यात शाळा बंद झाल्या आणि सगळे शिक्षण मोबाईलवर आले! रेलटेलने स्टेशनांवरची सेवा चालू ठेवली. २०२१ पासून नियम असा केला की, पहिला अर्धा तास मोफत, पुढे पैसे.

"म्हणजे देणाऱ्याने हात आखडला की संपलं," मुलगी म्हणाली. बी.कॉम.ची पोरगी, बरोबर जागी बोट ठेवले.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हेच घडले. तिथे गरीब कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरपर्यंत सूट मिळत होती. दोन कोटी तीस लाखांच्या आसपास कुटुंबांनी ती घेतली. संसदेने पुढचा निधी दिला नाही आणि १ जून २०२४ रोजी ती योजना बंद पडली.

स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. १४ एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी सकाळी मात्र चारदोन माणसे होती. याच भागात क्वीन्स गार्डनला बार्टीचे कार्यालय आहे, पलीकडे जिल्हाधिकारी कचेरी. आपल्या मुलांच्या किती योजना इथून हलतात! पूर्वी या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. कारकून भेटला नाही तर उद्या भेटेल अशी आशा असे. आज महाडीबीटीची शिष्यवृत्ती घ्या, स्वाधार योजना घ्या, आरटीईचा प्रवेश घ्या की अकरावीचा, अर्ज ऑनलाइनच. रेशनकार्डाला ई-केवायसी. खिडकी आता कचेरीत राहिली नाही, ती मोबाईलच्या काचेत गेली आहे. ज्याच्याकडे नेट नाही त्याच्यासाठी ती खिडकी कायमची बंद. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती कायद्याने मिळाल्या, त्यासाठी केवढा लढा द्यावा लागला. त्या सवलती आज एका तुटलेल्या जोडणीपायी हातातून निसटाव्यात का?

ससूनच्या बाजूने चालत मालधक्का चौकात आलो. मंगळवार पेठेतले डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन इथेच. भवनाच्या सावलीत आई जरा टेकली. मी त्यांना न्यायालयाचे सांगितले. केरळात फहीमा शिरीन नावाच्या विद्यार्थिनीला मोबाईल वापरण्याच्या बंदीवरून वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवा आवाक्यात असणे हे संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येते असे म्हटले. ते प्रकरण अॅसिडहल्ल्यात चेहरा गेलेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांचे होते. मोबाईलसमोर डोळे मिचकावून ओळख पटवा, हे त्यांना जमणार कसे? गरीब आणि दुर्बळ माणूसही या वाटेवर मागे राहता कामा नये, असे न्यायालयाने सांगितले. केरळ सरकारने तर ५ जून २०२३ ला स्वतःचे जाळे सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. सुरुवात १४ हजार घरांपासून केली.

आई ऐकत होती. म्हणाली, "कोर्टानं सांगितलं ते चांगलंच झालं. पण माझ्या घरात कधी येणार?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आम्ही उठलो आणि पेठांमधून चालत दुपारी गंज पेठेत समताभूमीला पोहोचलो.

फुलेवाडा आता गर्दीच्या घरांमध्ये शांत उभा आहे. दगडी जोते, लाकडी खांब, अंगणात तात्यासाहेबांची समाधी. याच शहरात १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. आणि १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळी पुण्यात आपल्या माणसाला पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेवर उभे राहावे लागे. मुलगी भिंतीवरचा मजकूर वहीत उतरवत होती. आई मात्र बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली,

"ताई, जोतीबांनी हौद उघडला. पण पहिल्या दिवशी भांडं घेऊन कोण आलं असेल? त्याला भीती नसेल वाटली?"

या प्रश्नाने माझे डोळे उघडले. हौद उघडणारा मोठाच, पण हौदापर्यंत चालत येणाराही तेवढाच मोठा. मला महाड आठवले. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला की, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसाच ठराव करून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे उघडले, पण पाण्याचा एक थेंब आपल्या ओंजळीत आला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर चालत गेले तेव्हा ते पाणी खऱ्या अर्थाने खुले झाले. त्यानंतरही हल्ले झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपली बाजू खरी ठरली. पाणी आणि नेट यांची बरोबरी मी करत नाही. पाण्यावाचून माणूस मरतो. पण ठराव एकीकडे आणि घागर दुसरीकडे, ही आपल्या वाट्याला आलेली जुनीच तऱ्हा आहे. नेटच्या योजनाही कागदावर खुल्या आहेत. तिथवर चालत जायचे काम आपले आहे.

परतीच्या वाटेवर मी मायलेकींना पीएम-वाणी योजना समजावून सांगितली. आपल्यातल्या चाळिशीच्या वरच्यांना पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ आठवत असतील. घरात फोन नव्हता तेव्हा अनेक अपंग बांधवांनी आणि गरजू कुटुंबांनी त्यावर संसार चालवले. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ही योजना त्याच धर्तीवर आहे. किराणा दुकानदार, चहावाला, मंडळ, कोणीही आपल्या जागेत जोडणी घेऊन लोकांना थोड्या पैशांत वायफाय देऊ शकतो. त्याला पब्लिक डेटा ऑफिस म्हणतात. त्यासाठी परवाना लागत नाही, सरकारला फी भरावी लागत नाही. नोंदणी झालेल्या एका मधल्या कंपनीशी जोडून घ्यायचे. ग्राहकाची ओळख आणि वापराचा हिशेब ती कंपनी ठेवते. मग पाच-दहा रुपयांचे कूपनही विकता येते. अडचण अशी होती की, अशा छोट्या दुकानदाराकडून कंपन्या महागड्या व्यापारी जोडणीचे पैसे मागत. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला की, २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. म्हणजे वाट थोडी मोकळी झाली आहे.

वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होत असे. पुढच्या रविवारी वाचनानंतर मी विषय काढला : विहारात एक जोडणी घेऊ या. एक ज्येष्ठ बाबा लगेच म्हणाले, "विहारात मोबाईल? पोरं बिघडतील. इथं वंदना होते, रील नव्हे." काही माता-भगिनींनीही मान डोलावली. त्यांची भीती खोटी नव्हती.

तेव्हा ती मुलगी उठली. सभेत कधी न बोललेली. म्हणाली, "बाबा, मी रात्री स्टेशनवर बसते ते चालतं का? तिथं कोण येतं, कोण जातं, काही सांगता येत नाही. इथं बाबासाहेबांसमोर बसले तर मी बिघडेन का?"

सभा शांत झाली. मग मी एवढेच सांगितले की, बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही तिचे एक उद्दिष्ट होते. आजच्या वाचनालयाची एक तार भिंतीतून येते, एवढाच फरक.

बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग नियम मी करणार." सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला.

आता हिशेब सांगते, म्हणजे इतर वस्त्यांना उपयोग होईल. जोडणीचे महिना ४५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८१, एकूण ५३१ रुपये. गल्लीतल्या ३६ घरांनी दरमहा १५ रुपये द्यायचे ठरले, म्हणजे ५४० रुपये जमतात. अर्जात वापर कुठे आणि कशासाठी ते स्पष्ट लिहून दिले. घरोघरी तारा ओढल्या नाहीत, कोणाला विकले नाही. घरगुती जोडणी परस्पर विकणे नियमात बसत नाही. उद्या कूपन द्यायचे झाले तर पीएम-वाणीच्या मार्गानेच जायचे असे ठरले आहे.

बाबांचे नियम भिंतीवर लावले आहेत. संध्याकाळी ६ ते ९ अभ्यास आणि फॉर्म. परीक्षा किंवा मुदत जवळ असेल त्याला आधी पाळी. दुपारी २ ते ४ महिला मंडळासाठी, रेशनची ई-केवायसी, दवाखान्याची नोंदणी, बँकेचे काम. वापरणाऱ्याचे नाव आणि वेळ वहीत. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आपल्या माणसानेही मागायचा नाही. ज्याचा नंबर आधारला जोडलेला आहे त्याने फॉर्मच्या वेळी स्वतः हजर राहायचे. काम झाल्यावर दुसऱ्याच्या फोनमधले आपले दाखले पुसून टाकायचे. वंदनेच्या वेळी वायफाय बंद.

त्या मुलीचा फॉर्म विहारातच पूर्ण झाला. वडील रात्रपाळी करून सकाळी आले होते. डोळ्यांत झोप, तरी खाली सतरंजीवर बसून राहिले. ओटीपी आला तसा लेकीने स्वतःच भरला. अर्जाचा क्रमांक पडद्यावर आला, तो आईने मोठ्याने वाचला, आकडा न् आकडा. शिष्यवृत्ती खात्यात जमा होईल तेव्हा खरी. मधे कॉलेजची तपासणी आहे, कचेरीची तपासणी आहे. पण या वेळी अर्जात चूक असेल तर ती दुरुस्त करायला तिला कोणाच्या दुकानात जावे लागणार नाही, की वीस रुपयांचे तिकीट काढून फलाटावर बसावे लागणार नाही.

बंधू-भगिनींनो, पंधरा रुपयांची वर्गणी हा काही अंतिम उपाय नव्हे. सरकारने सगळे काम नेटवर नेले असेल तर गरिबाच्या घरापर्यंत नेट नेणे हीही सरकारची जबाबदारी आहे. केरळ सुरुवात करू शकते तर महाराष्ट्राने का करू नये, हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला, आमदाराला लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. पण उत्तर येईपर्यंत आपली मुले बाकावर बसवू नका. विहाराचे दार दिवसाचे बावीस तास बंद असते, ते उघडा. आपल्या गल्लीत कोणाचा फॉर्म अडला आहे, हे आज संध्याकाळीच शेजारी जाऊन विचारा.

जय भीम.